घरातील हिंसा सोसलेल्या लॅटिना स्त्रीचे समुपदेशन कसे करावे

अमेरिकेतील शेल्टर, दवाखाना किंवा सामाजिक संस्थेत समुपदेशनाचे काम करणाऱ्या मराठी माणसासमोर कधी ना कधी लॅटिना स्त्री येऊन बसतेच. २०२० च्या जनगणनेनुसार त्या देशात ६ कोटी २१ लाख लोक हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहेत, आणि त्यांच्यातील साधारण तीनपैकी एका स्त्रीने आयुष्यात कधीतरी जोडीदाराकडून हिंसा सोसलेली असते. अशा स्त्रीचे बोलणे ऐकताना आपल्याला पुष्कळ काही ओळखीचे वाटते. तिच्या तोंडचे ‘एल के दिरान’ म्हणजे हुबेहूब आपले ‘लोक काय म्हणतील’, आणि ‘मळके कपडे घरातच धुवावेत’ ही स्पॅनिश म्हण तर आपल्याच आजीच्या तोंडून ऐकल्यासारखी वाटते. या ओळखीचा उपयोग होतो, परंतु तिच्यातच मोठा धोकाही आहे, कारण एखादी गोष्ट ओळखीची वाटली की तिच्याविषयी विचारायचे आपण थांबतो. तिच्या संस्कृतीविषयी अवश्य वाचावे, परंतु ती संस्कृती तिच्या घरात कशी नांदते याचे उत्तर तिच्याकडूनच घ्यावे, हे मी या कामात हळूहळू शिकले आणि पुढील सर्व सूचनांच्या मुळाशी तेच आहे.

ती कुठली, हे आधी विचारावे

‘लॅटिना’ हा शब्द वीसेक देशांवर पांघरूण घालतो. पोर्तो रिकोत जन्मलेली स्त्री १९१७ च्या कायद्यापासून अमेरिकेची नागरिकच असते, त्यामुळे तिच्याशी व्हिसाबद्दल बोलू लागलो तर आपण तिला ओळखलेच नाही हे तिला पहिल्या पाच मिनिटांत कळते. टेक्सासमधील एखाद्या मेक्सिकन कुटुंबाच्या चार-पाच पिढ्या तिथेच गेलेल्या असतात आणि घरातील मुलींना स्पॅनिश जेमतेम येते, तर दोन वर्षांपूर्वी होंडुरासहून आलेल्या स्त्रीच्या डोक्यावर सीमा ओलांडून आणणाऱ्या दलालाचे कर्ज असू शकते आणि वाटेत काय काय घडले ते तिने कोणालाच सांगितलेले नसते. देश, गाव, भाषा, इथे येऊन किती वर्षे झाली, इथे कोण आहे आणि तिकडे कोण राहिले आहे, एवढे आधी विचारावे. प्रवासात काय घडले हे मात्र पहिल्याच दिवशी उकरू नये.

भाषेच्या बाबतीत मी स्वतः केलेली एक चूक सांगते. ग्वातेमालाहून आलेल्या एका स्त्रीला मी संरक्षण आदेशाची, म्हणजे छळणाऱ्याला दूर ठेवणाऱ्या न्यायालयाच्या हुकमाची, माहिती देणारे स्पॅनिश पत्रक दिले आणि सावकाश समजावून सांगितले. प्रत्येक वाक्याला ती मान हलवून ‘सी, सी’ म्हणत होती. पत्रकाची तिने अगदी काळजीपूर्वक चार घड्यांची पट्टी केली, ती स्वेटरच्या बाहीत सरकवली, आणि बैठक संपेपर्यंत ते पत्रक पुन्हा उघडले नाही. तिची भाषा माम होती, स्पॅनिश तिला बाजारापुरती येत होती आणि वाचता तर मुळीच येत नव्हते, हे मला तिसऱ्या भेटीत कळले. माम, किचे, मिश्तेको, सापोतेको या मूलनिवासी भाषा बोलणाऱ्या स्त्रिया स्वतःहून तसे सांगतीलच असे नाही, कारण त्यांच्या मायदेशात या भाषांची हेटाळणी होत आली आहे. म्हणून ‘स्पॅनिश येते का’ असे न विचारता ‘तुमच्या आईशी तुम्ही कोणत्या भाषेत बोलता’ असे विचारावे. अशा वेळी दोन दुभाषी लागू शकतात, एक मामहून स्पॅनिशमध्ये आणि दुसरा स्पॅनिशहून इंग्रजीत सांगणारा. भेटीसाठी दुप्पट वेळ राखून ठेवावा.

दुभाषी आणि बसायची रीत

मुलाला दुभाषी करू नये. आठ वर्षांच्या मुलाने ‘आई म्हणते, बाबांनी तिला ओढत नेले’ हे वाक्य आपल्याला भाषांतर करून सांगावे, अशी वेळ कोणत्याही मुलावर येऊ नये, आणि मुलगा समोर असताना आई निम्मे गिळूनच बोलणार. नणंद, शेजारीण, चर्चमधील ओळखीची बाई यांनाही या कामासाठी बसवू नये, कारण ही वस्ती लहान असते आणि बातमी घरी पोहोचायला वेळ लागत नाही. केंद्र सरकारचे अनुदान घेणाऱ्या संस्थांना १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सहावे प्रकरण लागू होते. राष्ट्रीय मूळ हे भेदभावाचे कारण होऊ नये असे ते सांगते, आणि भाषेच्या सोयीचा आग्रह धरण्याला तेथूनच आधार मिळतो. दुभाषी फोनवरचा असेल तर नाव न सांगता तो कोणत्या राज्यातून बोलतो आहे एवढे तिला सांगावे. तो आपल्या गावचा नाही हे कळले की तिचे खांदे सैल पडतात.

वयाने मोठ्या किंवा नवख्या स्त्रीला ‘उस्तेद’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणावे. स्पॅनिशमधील ‘तू’ हे पुस्तकात मैत्रीचे संबोधन म्हणून शिकवतात, पण कोलंबियाच्या काही भागांत बायका स्वतःच्या मुलांनाही ‘उस्तेद’ म्हणतात, तेव्हा ठोकताळे न बांधता तिचे ऐकून आपण तसे बोलावे. सुरुवातीला थोड्या गप्पा होऊ द्याव्यात. मुले कशी आहेत, प्रवास किती लांबचा झाला, जेवण झाले का, या दहा मिनिटांना स्पॅनिशमध्ये ‘प्लातिका’ म्हणतात, आणि पुढच्या ‘कॉन्फियान्सा’चा, म्हणजे भरवशाचा, पाया तिथेच पडतो. समोर संगणक ठेवून एकामागून एक प्रश्न विचारत अर्ज भरू लागणाऱ्या समुपदेशकाला ती सभ्यपणे एकेका शब्दात उत्तरे देईल आणि पुन्हा येणार नाही. तिने समुपदेशकाविषयी एखादा साधा प्रश्न विचारला, तुम्ही कुठल्या, तुम्हाला मुले आहेत का, तर तो टोलवू नये. एका वाक्यात खरे उत्तर द्यावे आणि पुढे जावे.

गोपनीयतेच्या मर्यादा मात्र या गप्पांनंतर आणि हिंसेविषयी विचारण्यापूर्वी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. मुलांवरील अत्याचार कळल्यास समुपदेशकाने तो कळवणे सर्व राज्यांत बंधनकारक आहे, आणि हे तिला आधी न सांगता तिच्याकडून माहिती काढून घेणे म्हणजे विश्वासघात आहे.

तिचे शब्द, आपले शब्द

‘तुमच्यावर घरगुती हिंसाचार झाला आहे का’ असे विचारले तर अनेक स्त्रिया मनापासून ‘नाही’ म्हणतात. त्यांच्या लेखी ‘व्हियोलेन्सिया’ म्हणजे रक्त, सुरी, पोलीस. नवरा फार ‘सेलोसो’, म्हणजे संशयी, आहे, त्याचा स्वभाव तापट आहे, तो माझा मान राखत नाही, घरात ‘प्रोब्लेमास’ आहेत, अशी त्यांची भाषा असते. म्हणून कृतींविषयी विचारावे. तो रागावला की काय होते? पगार कोणाच्या हातात जातो? आईला फोन करताना तो जवळ असतो का? कधी ढकलले, दार बंद करून ठेवले, फोन फोडला असे झाले का? तिने ‘मान राखत नाही’ म्हटले असेल तर आपणही तेच शब्द घेऊन पुढे विचारावे आणि ‘माल्त्रातो’, म्हणजे छळ, हा शब्द ती स्वतः उच्चारेपर्यंत थांबावे. लैंगिक जबरदस्तीविषयी विचारायला आणखी वेळ द्यावा लागतो, कारण बायकोचे कर्तव्य म्हणूनच ती आजवर त्याकडे पाहत आलेली असू शकते. ‘तुमची इच्छा नसताना जवळ यावे लागते का’ हा प्रश्न तिला समजतो, पण कायद्यातील शब्द ऐकून ती गप्प होते.

कुटुंब, सोसणे आणि श्रद्धा

मारियानिस्मो हा शब्द १९७३ साली एव्हलिन स्टीव्हन्स या राज्यशास्त्राच्या अभ्यासक स्त्रीने रूढ केला. मदर मेरीसारखी सोशीक, पवित्र आणि त्यागी स्त्री हाच आदर्श, असा त्याचा आशय आहे. प्रशिक्षणाच्या टिपणांत माचिस्मोच्या, म्हणजे पुरुषी वर्चस्वाच्या तोऱ्याच्या, जोडीला तो हमखास येतो, आणि माझ्या मते त्याने कामाइतकीच हानीही केली आहे. हे दोन शब्द पाठ झालेला समुपदेशक समोरच्या स्त्रीऐवजी त्या शब्दांनाच पाहू लागतो, आणि नवऱ्याचे मारणे ‘त्यांच्यात असेच असते’ म्हणून मनातल्या मनात खपवून घेतो. मारहाण एका विशिष्ट माणसाने केलेली असते, आणि त्याच गल्लीत, त्याच चर्चमध्ये वाढलेले असंख्य पुरुष बायकोवर हात उगारत नाहीत.

तिच्या रोजच्या बोलण्यातील शब्द ‘आग्वान्तार’ हा आहे, म्हणजे सोसणे, दम धरून राहणे. माझ्या आईने सोसले, मीही सोसते, असे ती म्हणते तेव्हा त्यात दुःखाबरोबर अभिमानही असतो. त्या अभिमानावर घाव घालू नये. इतकी वर्षे कशाच्या बळावर काढली, मुलांना कसे सांभाळले, वाईट दिवसांत कोण धावून आले, असे विचारत गेले की तेच बळ आता कशासाठी वापरायचे हा विचार तिच्या मनात आपोआप सुरू होतो. ‘शंभर वर्षे टिकेल असे दुखणे नसते’ या अर्थाची एक म्हण स्पॅनिशमध्ये आहे. योग्य क्षणी तिच्याच तोंडून ती निघाली तर आपण फक्त ‘बरोबर’ म्हणावे.

स्वातंत्र्य, स्वतःसाठी जगणे, सीमारेषा आखणे हे अमेरिकी समुपदेशनाचे आवडते शब्द तिला अनेकदा स्वार्थाचे वाटतात. ‘फामिलिया’ तिच्यासाठी केंद्रस्थानी असते, आणि त्या केंद्राला न हलवता काम करता येते. मुलांसाठी घर टिकवायचे म्हणून ती वर्षानुवर्षे राहते हे खरे आहे, पण मुलगा बापाची नक्कल करू लागला, किंवा मुलगी बापाचा आवाज ऐकून पलंगाखाली लपू लागली, की त्याच मुलांसाठी ती निघतेही. या दोन्ही निर्णयांचे मूळ एकच आहे, तेव्हा मुलांविषयीच्या तिच्या स्वप्नांबद्दल भरपूर बोलू द्यावे. दर महिन्याला आईला पाठवायचे पैसे हासुद्धा याच विषयाचा भाग आहे. ‘मी निघाले तर आईच्या औषधांचे काय’ या प्रश्नाचे उत्तर आराखड्यात नसेल तर तो आराखडा तिच्या उपयोगाचा नाही.

जोडप्याला एकत्र बसवून समेट घडवण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. तिने खोलीत जे खरे सांगितले त्याची शिक्षा तिला गाडीत मिळू शकते.

श्रद्धेच्या बाबतीत तिला चर्चपासून तोडू नये. लग्न हा संस्कार असल्यामुळे तो मोडणे पाप आहे, असे कॅथलिक स्त्री म्हणत असेल तर तिला एक गोष्ट जरूर सांगावी. अमेरिकेतील कॅथलिक बिशपांच्या परिषदेने १९९२ मध्ये घरातील हिंसेविषयी काढलेल्या निवेदनात, छळ होणाऱ्या विवाहात कोणीही राहावे अशी अपेक्षा नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या तोंडून हे ऐकण्यापेक्षा समंजस पाद्र्याच्या तोंडून ऐकले तर त्याचे वजन वेगळे पडते, म्हणून भागातील कोणते पाद्री आणि कोणते पास्टर या बाबतीत भरवशाचे आहेत याची माहिती समुपदेशकाने आधीच काढून ठेवावी. इव्हँजेलिकल आणि पेंतेकोस्तल या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जाणाऱ्या लॅटिना स्त्रियाही पुष्कळ आहेत. त्यांच्यासमोर कॅथलिक दाखले देऊन उपयोग नाही.

कागदपत्रांची भीती

ज्या स्त्रीकडे कायदेशीर कागदपत्रे नाहीत तिच्या नवऱ्याला हात उचलावाच लागतो असे नाही. ‘ला मिग्राला फोन करीन’, म्हणजे इमिग्रेशनवाल्यांना बोलावीन आणि मुले तुझ्यापासून तोडीन, एवढे वाक्य पुरते. या धमकीला छळाचाच प्रकार मानून तिची नोंद घ्यावी. ‘काही होणार नाही, बिनधास्त पोलिसांकडे जा’ असे आश्वासन देऊ नये, कारण स्थानिक पोलीस आणि इमिग्रेशन खाते यांचे संबंध जागोजागी वेगळे आहेत आणि तिची भीती निराधार नाही.

तरीही काही दारे उघडी आहेत, आणि ती आहेत हे तिला कळणे फार मोलाचे असते. ‘व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट’ या १९९४ च्या कायद्यानुसार, ज्याला बोलीत ‘व्हावा’ म्हणतात, नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नवऱ्याकडून छळ झालेली स्त्री त्याच्या मदतीशिवाय आणि त्याला न कळवता स्वतःच अर्ज करू शकते. छळाशी संबंधित घटस्फोट झाला असेल तर त्यानंतर दोन वर्षांपर्यंत ही सोय राहते. छळ केवळ मारहाणीचाच असला पाहिजे असेही नाही, आत्यंतिक मानसिक क्रौर्यही त्यात येते. नवऱ्याकडेच कागदपत्रे नसतील किंवा लग्न झालेले नसेल, तर गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी २००० साली निर्माण झालेल्या यू व्हिसाचा विचार होऊ शकतो. त्यासाठी गुन्ह्याच्या तपासात सहकार्य केल्याचे पोलीस, सरकारी वकील किंवा तत्सम यंत्रणेचे प्रमाणपत्र लागते. वर्षाला १०,००० मुख्य अर्जदारांचीच मर्यादा असल्यामुळे रांग अनेक वर्षांची आहे, हेही तिला सांगावे. यापलीकडे समुपदेशकाने कायद्याचा सल्ला देऊ नये. नियम आणि त्यांची अंमलबजावणी बदलत राहते, आणि चुकीच्या अर्जाची किंमत तिलाच मोजावी लागते.

येथे ‘नोतारियो’ या शब्दाविषयी सावध करणे आवश्यक आहे. लॅटिन अमेरिकेत नोतारियो म्हणजे मोठ्या अधिकाराचा, शिकलेला कायदेतज्ज्ञ. अमेरिकेतील नोटरीला मात्र सह्या साक्षांकित करण्यापलीकडे फारसा अधिकार नसतो. या शब्दसाम्याचा फायदा घेऊन दुकाने थाटून बसलेले लोक हजारो डॉलर घेतात आणि भलतेच अर्ज भरतात. तिने आधी कोणाकडे कागद दिले होते का, हे विचारून तिला इमिग्रेशनच्या वकिलाकडे किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीकडेच पाठवावे. मेक्सिकन स्त्रीला तिच्या वकिलातीतही मदत मिळते. तेथे २०१६ पासून स्त्रियांसाठी वेगळी खिडकी आहे, आणि मुलांची जन्मनोंद, पासपोर्ट, ओळखपत्र ही कामेही तिथेच होतात. आपल्या स्वतःच्या टिपणांत तिच्या कागदपत्रांची स्थिती विनाकारण लिहून ठेवू नये, कारण टिपणे न्यायालयात मागवली जाऊ शकतात.

याच विषयात मराठी वाचकाला एक जवळचे उदाहरण आहे. नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून अमेरिकेत आलेल्या आपल्याकडील स्त्रीचा पासपोर्ट नवऱ्याच्या कपाटात कुलूपबंद असतो, तेव्हा तीही अशाच अगतिकतेत असते. परंतु तिच्याकडे बहुधा पदवी, इंग्रजी आणि परतीच्या तिकिटाइतके माहेर असते. होंडुरासमधून कर्ज काढून आलेल्या स्त्रीचे परतीचे घर टोळ्यांनी ताब्यात घेतलेले असू शकते. तेव्हा आपल्या मैत्रिणीला दिला असता तो सल्ला तिला देऊ नये.

धोका किती आहे, आणि सुरक्षेचा आराखडा

गळा दाबला होता का, हे प्रत्येक स्त्रीला वेगळे आणि थेट विचारावे. ती स्वतःहून सांगत नाही, कारण बहुतेक वेळा वळ राहत नाहीत, आणि ‘मानेला पकडले’ एवढ्यावरच विषय संपवते. जोडीदाराने एकदा गळा दाबलेल्या स्त्रीच्या खुनाचा धोका सात पटींहून अधिक वाढतो, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात आढळले. घरात बंदूक, जिवे मारण्याची धमकी, पाठलाग आणि नुकतेच वेगळे होणे हीदेखील गंभीर चिन्हे आहेत. घर सोडण्याच्या सुमाराचे दिवस सर्वांत धोक्याचे असतात, म्हणून ‘आजच निघा’ असा आग्रह धरू नये.

आराखडा तिच्या घरावरून तयार करावा. एका छोट्या घरात दीर, त्याचे कुटुंब आणि भाडेकरू असे दहा जण राहत असतील तर त्यांपैकी कोण तिच्या बाजूचा आहे? तिची ‘कोमाद्रे’, म्हणजे तिच्या मुलाची धर्ममाता, किती लांब राहते, आणि रात्री दोन वाजता दार उघडेल का? वाहन परवाना नसेल तर पहिली बस किती वाजता सुटते? जन्मदाखले, मुलांच्या लसीकरणाची कार्डे, नवऱ्याच्या ग्रीन कार्डाची प्रत यांची छायाचित्रे काढून बहिणीला पाठवता येतात, पण त्याआधी तिच्या व्हॉट्सॲपमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी तिच्याबरोबर उघडून पाहावी. नवऱ्याच्या फोनवर किंवा लॅपटॉपवर तेच खाते चालू असल्याचे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. राष्ट्रीय हेल्पलाइनचा ८००-७९९-७२३३ हा क्रमांक १९९६ पासून चालू आहे आणि तेथे चोवीस तास स्पॅनिशमध्येही बोलता येते. क्रमांक चिठ्ठीवर न देता पाठ करून घ्यावा.

दुखणे आणि उपचार

‘नेर्वियोस’ झाले आहेत, असे ती म्हणेल. म्हणजे धडधड, डोकेदुखी, झोप न येणे, हात थरथरणे. ‘आताके दे नेर्वियोस’ म्हणजे अचानक रडणे, ओरडणे, अंग कापणे, छातीतून उष्णता डोक्याकडे चढणे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेतही तो त्रासाचा सांस्कृतिक प्रकार म्हणून नोंदलेला आहे, आणि त्याला वेड किंवा नाटक समजणे चूक ठरेल. त्याच संहितेच्या २०१३ च्या आवृत्तीत संस्कृतीविषयक मुलाखतीचे १६ प्रश्न दिले आहेत. तुमच्या मते हे कशामुळे होते, घरचे लोक याला काय म्हणतात, आजवर काय करून पाहिले, अशा स्वरूपाचे ते प्रश्न पहिल्या दोन-तीन भेटींत फार उपयोगी पडतात. तिने जडीबुटी देणाऱ्या ‘कुरांदेरा’कडे गेल्याचे सांगितले तर काय घेतले एवढे विचारावे आणि आदराने ऐकावे.

आघातावरील प्रमाणित उपचार तिलाही लागू पडतात, पण त्यांची गती तिने ठरवावी. एकट्याच्या बैठकीपेक्षा अनेक स्त्रियांना गट अधिक मानवतो, विशेषतः स्वयंपाक किंवा शिवणकामाच्या निमित्ताने जमणारा आणि वस्तीतीलच ‘प्रोमोतोरा’ने, म्हणजे प्रशिक्षित कार्यकर्तीने, चालवलेला. मिनेसोटातील सेंट पॉल येथे १९८२ मध्ये लॅटिना स्त्रियांनी उभी केलेली कासा दे एस्पेरान्सा ही संस्था आज एस्पेरान्सा युनायटेड या नावाने देशभर प्रशिक्षण देते. नव्या समुपदेशकाने तिचे साहित्य आधी पाहावे.

काही महिन्यांनी ती डबाभर तामालेस घेऊन येईल. संस्थेचा नियम भेटवस्तू नाकारण्याचा असला तरी अन्न परत करणे तिला अपमानाचे वाटते. सर्वांसाठी म्हणून ते स्वीकारावे, तिच्यासमोर एक खावे आणि तशी नोंद करावी.

आणि कधी ती त्याच्याकडे परत जाईल. त्या दिवशी आपला चेहरा पडू देऊ नये, कारण पुढच्या वेळी फोन करावा की नाही हे ती त्या चेहऱ्यावरूनच ठरवते. फाइल बंद करण्याची घाई करू नये. फोन कोणत्या वेळी चालेल, त्याने उचलला तर आपण कोण म्हणून बोलायचे, शाळेतून की दवाखान्यातून, आणि ‘आज बोलता येत नाही’ हे तिने कोणत्या साध्या वाक्याने सुचवायचे, हे निघण्यापूर्वी तिच्याबरोबर बसून ठरवावे आणि ते वाक्य दोनदा म्हणून घ्यावे.